टॉवेलाला बांधलेला नातू

माझा नातू हरवल्याची दवंडी माझ्याच कानावर चार वेळा पडली, आणि चारही वेळा मी त्याच्या आईबापाला नावं ठेवली. "काय आईबाप असतील मेले! एवढंसं लेकरू सोडून घसरगुंड्या खेळत बसलेत," असं मी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला म्हणाले आणि कुशीतल्या माझ्या नातवाला थोपटलं. ज्याला थोपटलं तो नातू नव्हता. ओल्या कपड्यांची पिशवी होती.

दहा वर्षं झाली त्या गोष्टीला. त्या खुर्चीवर पसरलेल्या बाईकडं मी आता लांबून बघते तेव्हा ती मला माझी कुणी वाटतच नाही. लग्नात भेटणारी आणि पंगत उठेपर्यंत पाठ न सोडणारी एखादी लांबची नणंद वाटते. वय बावन्न. कळंबला मोंढ्याच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान. तीस वर्षं बायकांचे झंपर शिवून तिची खात्री पटली होती की कापड म्हणजे आपला तळहात, आणि लेकरू म्हणजे तरी काय, कापडच. बेतू तसं बेतेल. कुणाच्या पोराला दात येताहेत, कुणाचं पोट धरलंय, सगळं ती गळ्यात टेप अडकवून दुकानात बसल्या बसल्या सांगायची. गळ्यात काही तरी लोंबत असलं की माणसाला आपण डॉक्टर आहोत असं वाटतं.

नातू तेव्हा पावणेदोन वर्षांचा. जन्मल्यापासून तो आणि त्याची आई आमच्यापाशीच होते. लेक नोकरीला पुण्याला. शनिवारी यायचा, सोमवारी उजाडता उजाडता परत जायचा. सुनेनं बाळंतपणात नोकरी सोडली होती, तिला आता पुण्यातच दुसरी मिळाली. जूनपासून रुजू व्हायचं. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की लेकरू कुठं राहणार: पुण्यात पाळणाघरात, की कळंबला माझ्यापाशी.

मी माझ्या बाजूनं सगळं ठरवून टाकलं होतं. दुकानात मशीनच्या मागं झोळी बांधली, चिंध्यांची इटुकली गोधडी शिवली, येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, "आता हा इथंच ऱ्हाणार." फक्त त्याच्या आईला विचारायचं राहिलं होतं. एक दिवस तेही विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत्या, सहलीहून आल्यावर ठरवू की."

आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. सून सोनारीची, भैरवनाथाच्या गावची; बोलणं कमी, पण जे बोलते ते मोजून. 'सहलीहून आल्यावर' म्हणजे सहल ही माझी परीक्षा, हे मी ओळखलं. मनात म्हटलं, घे परीक्षा. तुझा नवरा कुणी वाढवला? मीच. तोही एका पायानं मशीन चालवत.

आणि शिवाय माझ्या बाजूनं एक मोठा पुरावा होता. लेकराला तेव्हा एकच शब्द यायचा. आजी. भूक लागली की आजी, पडलं की आजी, कोंबडी दिसली की आजी. आई हा शब्द अजून आलेला नव्हता. त्याची आई रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची आणि सावकाश म्हणायची, "आ-ई." तो तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचा, हसायचा आणि म्हणायचा, "आजी." मी तेव्हा चुलीपुढं तोंड वळवून गालात हसायची. आज ते हसणं आठवलं की माझ्याच गालावर एक द्यावीशी वाटते.

जावळाचं सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. बाळ जन्मलं तेव्हा फार अशक्त होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून येरमाळ्याच्या येडाईला बोलले होते की लेकरू घरी येऊ दे, तिसऱ्या वर्षी चैत्रात तुझ्या दारात त्याचं जावळ काढीन, तोपर्यंत कात्री लावणार नाही. म्हणून त्याचे केस वाढलेले. नवस माझा, केस त्याचे, आणि मानेवरच्या घामोळ्याला पावडर लावायचं काम त्याच्या आईचं. मी रोज सकाळी त्याच्या दोन्ही कानांवर दोन शेंड्या बांधायची, दुकानातल्या लाल साटिनच्या रिबिनी लावून. लेकरू असं गोड दिसायचं की अनोळखी बायका विचारायच्या, "काय नाव हो हिचं?" त्यात कुणाचं काय बिघडत नाही. आमच्या भागात जावळाचं पोर आणि पोरगी यांत फरक करायला कुणाला घाई नसते.

मे महिना. कळंबला नळाचं पाणी आठवड्याला एकदा. नातवाला पाणी म्हणजे काय हे एवढंच ठाऊक: एक बादली, तिच्यात एक तांब्या, आणि तांब्या बुडवायला गेलं की ओरडणारी आजी. अशा लेकराला घेऊन आम्ही घाटाच्या पायथ्याला एका मोठ्या पाण्याच्या बागेत दोन दिवसांसाठी निघालो. लेकानं गाडी ठरवली होती. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त. ते पुढं बसले आणि दुसरा माणूस गाडी चालवत असताना त्यांनी सबंध रस्ताभर पायाखालचा नसलेला ब्रेक दाबला. येरमाळ्यात गाडीतूनच डोंगराकडं हात जोडले. "येताना थांबू," मी देवीला म्हणाले. तिला लोक असं रोजच म्हणत असणार.

बागेच्या दारात फायबरचे दोन हत्ती सोंडेनं पाणी उडवत उभे; लेक तिथंच कपड्यांसकट भिजला. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. मी धपाटे आणि शेंगादाण्याची चटणी डायपरच्या पाकिटात भरून आणली होती. तपासणाऱ्या बाईनं पाकीट उचललं, दाबलं, माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं ते हळूच परत ठेवलं. कुठल्याही बाईला दुसऱ्याच्या डायपरच्या पाकिटात हात घालायचा नसतो, हे मला माहीत होतं. इथवर मी परीक्षेत पहिली होते.

पुढं कपड्यांचा प्रश्न आला. सुती कपड्यानं पाण्यात उतरता येत नाही, तिथलाच नायलॉनचा पोशाख घ्यायचा. मला मिळाला तो जांभळा, त्यावर पिवळे मासे, कोपरापर्यंत बाह्या, पोटरीपर्यंत पाय. आरशात बघितलं तर तीस वर्षं लोकांच्या मापात चुका काढणारी बाई चुकीच्या मापात उभी होती. साडी लॉकरात गेली. लेकराच्या मापाचा एकच पोशाख उरलेला, गुलाबी. घातला. शेंड्यांना तो फार शोभला.

बाहेर आले तर हे लाल चड्डीत उभे. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मासे ताजे हाईत का?"

"तुमच्या चड्डीपेक्षा ताजेच हाईत," मी म्हणाले. सून पहिल्यांदा मोठ्यानं हसली. तिला असं हसताना मी कळंबला बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलंच नाही. आत्ता लिहिताना जाणवतंय.

आणि मग ते पाणी. कसं सांगू? दुपारचं ऊन, खाली निळी फरशी, वर निळं आभाळ आणि मध्ये कुणी तरी हलकेच धरलेला निळा पडदा. एका बाजूला समुद्र होता, खोटा. भोंगा वाजला की भिंतीआडून लाटा सुटायच्या, लोक ओरडायचे. दुसरा भोंगा झाला की लाटा आपल्या आपण विझायच्या, आणि एवढं मोठं पाणी ताटातल्या कढीसारखं गप व्हायचं. आम्ही आयुष्यभर आभाळाकडं बघितलेली माणसं, आणि इथं कुणी तरी बटण दाबून समुद्र चालू-बंद करत होतं. मला ते खोटं वाटतच नव्हतं. उलट आपलं कळंबच खोटं असावं, कोरड्या मांजरा नदीसकट, आणि खरं जग हे असं निळं, डुलणारं, थोडं क्लोरिनच्या वासाचं असावं असं वाटत होतं.

लेकरू घोटाभर पाण्यात बसलं. आधी हात लावायला भ्यालं. मग माझ्याकडं बघितलं, मी ओरडते का ते. मी ओरडले नाही. त्यानं एक थाप मारली. पाणी उडालं. पुन्हा मारली. मग जे सुरू झालं ते थांबेचना. एवढं पाणी, आणि कुणी रागवत नाही! त्याच्या चेहऱ्यावर असा अचंबा होता की मी त्याच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी थापा मारायला लागले. बावन्न वर्षांत पाणी वाया घालवायची माझीही ती पहिलीच वेळ.

जेवणानंतर लेकराला गुंगी आली. लेक आणि हे उंच घसरगुंडीकडं निघाले. सुनेचा पाय तिकडं ओढत होता पण जीव इकडं. मी म्हणाले, "जा गं तू. मी हाय की."

"झोपेतनं उठला तर धावतो आत्या तो."

"अगं, तुझ्या नवऱ्याला पदराला बांधून मी दोन-दोन तास झोपले हाय. जा, नीघ."

हे खरं होतं. आमच्याकडं शेतात, खळ्यावर बायका दुपारी टेकायच्या तेव्हा रांगतं पोर पदराच्या टोकाला बांधायच्या. पोर हललं की पदर ओढला जायचा, डोळा उघडायचा. माझ्या सासूनं मला शिकवलेली ती एकमेव गोष्ट जी मी वाद न घालता शिकले. सून गेली. मी सावलीतल्या लांब खुर्चीवर आडवी झाले, लेकराला कुशीत घेतलं, दुसऱ्या बाजूला ओल्या कपड्यांची पिशवी टेकवली आणि बांधायला पदर शोधला. पदर लॉकरात होता.

तर त्या शहाण्या बाईनं काय केलं? टॉवेल घेतला. त्याचं एक टोक लेकराच्या कमरेला, त्या गुलाबी नायलॉनवरून, गाठ मारून बांधलं. दुसरं स्वतःच्या मनगटाला. सुती कापडावरची गाठ ओलीनं घट्ट होते आणि नायलॉनवरची गाठ ओलीनं सरकते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं तिनं हे दुकानात शिकाऊ पोरींना सांगितलेलं. पण हातात गाठ आली की बाईला वाटतं, झालं, जग बांधलं गेलं.

मला झोप लागली. आणि काय सुंदर लागली म्हणून सांगू.

स्वप्नात मांजरा नदीला पाणी आलेलं. पूर नव्हे, काठोकाठ, स्वच्छ, निळं. अख्खं कळंब काठावर उतरलेलं आणि सगळ्यांच्या अंगावर नायलॉनचे पोशाख. मोंढ्यातले आडतदार टोपी न काढता कंबरभर पाण्यात उभे. माझी वारलेली सासू, नाकात नथ, अंगात माझ्यासारखेच पिवळे मासे, उताणी तरंगत होती आणि म्हणत होती, "अगं ये की, पाणी काय मागतंय का तुला?" लाटा बसस्टँडकडून येत होत्या. आणि स्टँडवरच्या भोंग्यावरून कंट्रोलर गाड्या पुकारत होता: बार्शी, येरमाळा, धाराशिव. मध्येच म्हणाला, "लक्ष द्या. गुलाबी कपड्यातली एक छोटी मुलगी सापडली आहे. पालकांनी चौकशीच्या खोलीत यावं."

झोपेत माझी कूस बदलली होती. मी अर्धवट डोळे उघडले. ती दवंडी बागेच्या भोंग्यातून येत होती. शेजारच्या बाईला जे म्हणायचं ते म्हणाले. कुशीतला गारवा थोपटला. पुन्हा झोपले. मुलगीच हरवली होती ना? माझा तर नातू. आणि तो काय, हा काय कुशीत.

दुसऱ्यांदा भोंगा म्हणाला, मुलीच्या केसांना लाल रिबिनी आहेत. मी म्हणाले, "रिबिनी बांधायला येळ हाय, सांभाळायला न्हाय." तिसऱ्यांदा तो म्हणाला, मुलीला नाव सांगता येत नाही, ती फक्त आजी म्हणते. हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी उठून बसायच्या बेतात होते. शेजारणीला म्हणाले, "बघा हो, आजीचं नाव घेतंय बिचारं. अन् ती आजी कुठं झोपा काढत पडली आसंल देव जाणे." शेजारीण म्हणाली, "कठीण आहे." मी म्हणाले, "लई कठीण." आणि झोपले. चौथ्यांदा काय म्हणाला ते मला आठवत नाही. मी त्याला "श्शू, पोरगं उठंल," असं म्हणाल्याचं मात्र आठवतं.

जाग आली ती सुनेच्या आवाजानं. केस निथळत होते, डोळे लखलखत होते, घसरगुंडीवरून आल्या आल्या ती वाकून म्हणाली, "आत्या, बाळ?"

"हा काय," मी म्हणाले आणि टॉवेल बाजूला केला.

पिशवीच्या तोंडातून लेकाच्या बनियनची बाही बाहेर आली होती. माझ्या मनगटाला टॉवेलाचं एक टोक होतं. दुसऱ्या टोकाला गाठ जशीच्या तशी होती, वाटोळी, नीट, आत कुणी नसलेली.

तेवढ्यात भोंगा पाचव्यांदा वाजला. गुलाबी कपडे. दोन शेंड्या. लाल रिबिनी. आजी.

सून पळाली. तिच्यामागं मी, तापलेल्या फरशीवरून अनवाणी, पिवळ्या माशांसकट, मनगटाला टॉवेल फरफटत. एवढ्या गर्दीत मला फक्त ते निळं पाणी दिसत होतं. मघाशी डुलणारं ते आता नुसतं खोल होतं. फार तर शंभर-दोनशे पावलं असतील. मी अजूनही कधी कधी तेवढीच पावलं पळत असते, डोळे मिटले की.

चौकशीच्या खोलीत टेबलावर लेकरू बसलेलं, हातात बिस्किट. एक पोलादी चेहऱ्याची बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी. सून हात पसरून पुढं झाली तर ती बाई मध्ये आली.

"तुमची मुलगी?"

"मुलगा. माझा मुलगा आहे."

"मॅडम, मग तुमचा मुलगा दुसरा असेल. इथं मुलगी सापडलीय."

"अवो, जावळ हाय त्याचं!" मी ओरडले.

"जावळाला रिबिनी?" ती बाई माझ्या अंगावरच्या माशांकडं बघत म्हणाली. "खूण सांगा काही. असं कुणालाही देता येत नाही."

सून त्या बाईच्या खांद्यावरून लेकराकडं हात लांबवत राहिली. मीच म्हणाले, "कमरेला काळा करदोटा बघा. त्यात चांदीचा एकच घुंगरू. गाठ डाव्या अंगाला, तीन फेऱ्यांची. म्या मारलीय. ती सुटायची न्हाय, कापावी लागंल."

बाईनं गुलाबी पोशाख चाचपला, मग जरा बाजूला करून आत बघितलं, आणि काय ते तिला कळलं. करदोटा होता. गाठही होती. तिनं लेकरू सुनेच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "गाठ तर पक्की मारता की आजी."

मी मनगटाचा टॉवेल पाठीमागं लपवला.

लेकरू आईच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून हसलं. "आजी," म्हणालं. मी दोन्ही हात पुढं केले. मग त्यानं त्या बाईकडं बघितलं आणि म्हणालं, "आजी." मग वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघून, तितक्याच मायेनं, "आजी." माझ्या पुराव्याची किंमत मला तिथं कळली.

परत जाताना सुनेनं एकच विचारलं, "किती येळ डोळा लागला होता, आत्या?"

"आगं, मिनिटभर," मी म्हणाले.

तिनं लेकराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर ती लेकराला घेऊन गॅलरीत बसली होती, मी आत गाद्यांच्या घड्या घातल्या, उलगडल्या, पुन्हा घातल्या. हे म्हणाले, "आता गप बस, ब्रेक लाव जरा." पण माझाही ब्रेक नसलेल्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरणार नव्हते. पण तिथं एक संथ नदी आहे, बागेभोवती गोल फिरणारी, जिच्यात काही करायचं नसतं. रबरी कड्यात बसायचं आणि पाणी नेईल तिकडं जायचं. सून म्हणाली, "चला, दोघींचं कडं हाय." मी बसले, समोर ती बसली, आणि तिनं लेकरू उचलून माझ्या मांडीवर दिलं.

झाडांच्या सावल्या अंगावरून सरकत होत्या. कुठं तरी लांब समुद्र चालू झाला आणि बंद झाला. खोट्या गुहेतून आम्ही गेलो, अंधार, थेंब, आणि पलीकडं पुन्हा ऊन. लेकरू माझ्या पोटाला टेकून पाण्यात बोट धरून बसलं होतं, बोटामागं एक बारीक रेघ उमटत होती आणि मिटत होती. ते वजन मला सोसेना. कालपर्यंत ते मी हक्कानं घेत होते. आज मला ते कुणी तरी विश्वासानं दिलं होतं, आणि तो विश्वास खोट्यावर होता. उतरायची सोयही नव्हती. नदी गोल.

"मिनिटभर न्हाय," मी म्हणाले. "लई येळ झोपले होते. आन् ती दवंडी मी चार बारी ऐकली. मुलगी म्हणाले म्हणून लक्ष दिलं न्हाय. वर तिच्या आईबापाला नावं ठेवली. तुलाच ठेवली, पोरी."

बोलून झालं तेव्हा कळलं की परीक्षेचा पेपर मीच फाडला. आता लेकरू पाळणाघरात जाणार, झोळी रिकामी राहणार.

तिनं तोंड पाण्याकडं वळवलं. मग तिचे खांदे हलले. मला वाटलं रडते. ती हसत होती. "काय नावं ठेवली?" तिनं विचारलं. मी सांगितलं, शब्दन् शब्द. पिशवीला थोपटल्याचंही. ती इतकी हसली की कडं कलंडायला आलं, आणि हसता हसता मध्येच तिनं लेकराचं पाऊल धरलं.

"आत्या, म्या बी ऐकली होती ती दवंडी," ती म्हणाली. "वर जिन्यात, रांगेत उभी होते तवा. रिबिनी म्हणाले तेव्हा म्या कठड्यावरनं खाली वाकून बघितलं होतं. पण मला खाली यायचं नव्हतं. माझा नंबर आला होता."

नदीनं आम्हाला आणखी एक फेरी मारून आणली.

परतीच्या वाटेवर मी देवीला दिलेला शब्द पाळला, येरमाळ्यात थांबलो. डोंगर चढायला ऊन फार होतं, म्हणून पायथ्याला चहाच्या टपरीवर बसलो. हे आणि लेक गाडीचं चाक बघायला गेले. त्यात हवा होतीच, पण हे होते म्हणून बघायचं. लेकरू आईच्या मांडीवर होतं. त्याच्या शेंड्या मी बांधल्या नव्हत्या त्या दिवशी, हिंमत झाली नव्हती. तिनं पिशवीतून माझ्या दुकानातल्या त्या लाल रिबिनी काढल्या आणि स्वतः बांधायला लागली, भांग वाकडा, एक शेंडी वर, एक खाली. माझे हात शिवशिवले, पण मी कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. शेवटची गाठ मारून तिनं लेकराचं तोंड आपल्याकडं वळवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली:

"आत्या, बाळाला मी पुण्याला नेणार हाय. तुम्हाला झोप लागली म्हणून न्हाई. मला त्या जिन्यात लई मोकळं वाटलं, म्हणून. तीच सवय लागली तर ह्याच्या तोंडात आई कधी यायचीच न्हाई. तुम्ही दुकानाला कुलूप लावा अन् चला आमच्यासंगं. फक्त येताना सुती साड्या आणा. दुपारी त्याला कशाला तरी बांधावं लागंल."